दगडूचाचांची आकडी आणि मडकं

दगडूचाचा,

तुम्हाला मातीआड करून आज पाच दिवस झाले, आणि तेवढ्यात गावाने तुमच्या मरणाची गोष्ट रचून पक्कीही केली. काल वाण्याच्या ओट्यावर ऐकलं, "चाळीस वर्सं जनावरं धरली, शेवटी त्यांनी डाव साधलाच." मी तेलाची बाटली हातात घेऊन तिथेच थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की असलं काही झालेलं नाही. तुम्ही तुमच्या बाजेवर, स्वतःच्या हाताने पिंजलेल्या कापसाच्या रजईखाली गेलात. छाती भरली होती. शेवटच्या दहा दिवसांत साप काय, सापाची कातही तुमच्या आसपास नव्हती. वाणी म्हणाला, "असंल बाई. पन सापवाल्याला कफानं मरान..." त्याला ते पटलं नाही. खरं म्हणजे त्याला ते आवडलं नाही.

तुम्ही असता तर चिडला असता. "मला जनावरानं न्हाई मारलं, ल्ह्या त्ये पाटीवर, मोठ्या अक्षरात," असं मला बजावलं असतं. म्हणून आधी तेच लिहिलं. आता बाकीचं.

मी या गावात शिकवायला आले ते एक ट्रंक, एक वळकटी आणि नगरहून आईने दिलेलं बायबल घेऊन. ख्रिस्ती मास्तरीणबाई, तीही एकटी. गावाला मी पहिले दोन महिने नीट पचलेच नव्हते. पाऊस नुकता उघडला होता. सकाळी मुली गोणपाटं अंथरायला कोपऱ्यात गेल्या आणि किंचाळत मागे आल्या. गुंडाळलेल्या गोणपाटांतून एक शेपूट बाहेर आलं होतं. मुलींचं जाऊ द्या, आधी टेबलावर मी चढले. कुणीतरी ओरडलं, "दगडूचाचाला बलवा!" आणि तुम्ही आलात, दाढीत कापसाचे तंतू, सदऱ्यावर कापसाचे तंतू, पायात जाड कातडी जोडा. एका हातात लोखंडी आकडी बसवलेली लांब काठी, दुसऱ्या हातात रिकामं मडकं आणि खांद्यावर एक फडकं. शाळेच्या भिंतीपलीकडच्या सावलीत बसून तुम्ही कापूस पिंजायचात. तुमच्या धनुकलीचा टणत्कार मी रोज ऐकत होते, पण तुम्हाला पाहिलं ते त्या दिवशी.

मला वाटलं, आता हा माणूस झडप घालणार. तुम्ही काहीच केलं नाहीत. दारात उकिडवे बसलात. सगळ्यांना बाहेर काढलंत, मलाही टेबलावरून उतरवलंत. मग विचारलंत, कुणी पाहिला, केवढा होता, तोंड कुणीकडं होतं. दुसरीकडून बाहेर जायला भोक आहे का. एवढं झाल्यावर आकडीने एकेक गोणपाट ओढलंत. प्रत्येक खेपेला ओढून थांबायचं, पाहायचं, मग पुढचं. मडकं भिंतीला आडवं लावून ठेवलंत, तोंड सापाकडे. काठीने शेपटीकडून हलकेच डिवचत राहिलात. सापाला अंधारं तोंड दिसलं आणि तो आपणहून आत शिरला. तुम्ही काठीनेच फडकं वर सरकवलंत, मडकं उभं केलंत, गाठ मारलीत. हात सापाला लागलाच नाही.

"कोणता होता?" मी विचारलं.

"धामन."

"म्हणजे बिनविषारी? मग एवढं सगळं कशाला केलंत?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, जसं मी वजाबाकी चुकलेल्या मुलीकडे पाहते तसं. "धामन हाय ह्ये आत्ता कळलं, बाई. गोनपाटात हुती तवा काय म्हाईत? जवर पुरती दिसत न्हाई तवर समदी जनावरं इखारीच धरायची."

मला तेव्हा तुमचा जरा रागच आला होता. चार माणसांसमोर शहाणपणा शिकवलात म्हणून. पण संध्याकाळी ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर आपलं जमलं ते भांडणातून. शाळा सुटली की तुम्ही भिंतीच्या तिकडे, मी इकडे, मध्ये कमरेएवढे दगड. लढाईचे दिवस होते, रॉकेल रेशनवर. लोक दिवे विझवून अंधारात वावरायचे आणि सर्पदंश वाढले होते. तुमच्यापाशी त्यावर उपाय एकच, काठी आपटत चालायचं आणि पाय टाकण्याआधी बघायचं. माझ्यापाशी पुस्तक होतं. नगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी दिलेलं. त्यात लिहिलं होतं, चावल्या जागेच्या वर दोरी आवळावी, पात्याने चीर द्यावी, पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे चोळावेत. मी एका पत्र्याच्या डबीत पातं आणि खडे जपून ठेवले होते. तुम्हाला डबी दाखवली तेव्हा तुम्ही कापूस झाडत म्हणालात, "फुरसं चावल्यावर मानसाचं रगत थांबत न्हाई. हिरड्यांतून सुदीक येतं. त्यात तुमी आनखी चीर मारनार? अन् दोरी आवळून काळाठिक्कर पडल्याला हात म्या बगितलाय. जनावरानं न्हाई, दोरीनं गेला त्यो हात."

"मग काय करायचं तुमच्या मते? मंत्र?"

"निजवायचं. हलू द्याचं न्हाई. बाजंवर घालून दवाखान्यात. देवाला नारळ दवाखान्यातून आल्यावर."

"पुस्तक काय उगाच लिहिलंय?"

"ल्हिनाऱ्याला फुरसं चावलं हुतं का?"

हे भांडण आपण किती वेळा केलं असेल! अमिनाचाची आतून ओरडायची, "चहा निवला, सापाला पाजू का आता?"

तुमच्या वडिलांची गोष्ट तुम्ही एकदाच सांगितलीत. तेही साप धरायचे, पण हाताने. बाजाराच्या दिवशी नागाच्या मानेला धरून उभे राहायचे, लोक गोल करून टाळ्या पिटायचे. अशाच एका बाजारी त्यांना नाग चावला. तुम्ही तेव्हा त्यांच्या बाजूलाच उभे होता. "माझ्या बापाला सापानं न्हाई मारलं," तुम्ही म्हणालात, "टाळ्यांनी मारलं." म्हणून तुमचा नेम होता, साप घरातून काढायचा, माळावर सोडायचा, पण कुणाला दाखवायला हातात घ्यायचा नाही.

चाचा, हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पुढचं केलं. आजवर हे कुणाला सांगितलं नाही, म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

मुलींचा वर्ग बंद करायचं वर घाटत होतं. मुली थोड्या, खर्च फुकट, असं कागदावर आलं होतं. शाळाखात्याचे एक साहेब पाहायला येणार होते. मला वाटलं, कविता आणि पाढे ते सगळीकडे ऐकतात, इथे काहीतरी असं दाखवावं की ते विसरणार नाहीत. विषारी साप कसा ओळखावा, त्यापासून कसं जपावं, असा धडा. मुलींनी चित्रं काढली होती, फुरशाचं, घोणशीचं, मण्यारीचं. फक्त खरा साप हवा होता. तुम्हाला विचारलं. नाही म्हणालात. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "साप तमाशाला काढायचा न्हाई, बाई." तिसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी उभी राहून म्हटलं, "चाचा, तुम्ही घाबरता की काय?"

ते मी हसत म्हटलं होतं. पण तुम्ही हसला नाहीत. बाहीवरचा कापसाचा एक तंतू काढलात, बोटांत वळलात आणि म्हणालात, "येतो."

त्या सकाळी शाळेच्या अंगणात कडुलिंबाखाली तुम्ही चुन्याने एक रेघ ओढलीत, आपल्यापासून आठ पावलांवर. रेघेच्या अलीकडे कुणीही यायचं नाही, साहेबांनीही नाही. मडक्यात आदल्या दिवशी कडब्याच्या गंजीतून काढलेला नाग होता. आकडीवर उचलून बाहेर ठेवलात, त्याने फणा काढला, मुलींनी श्वास रोखले. तुम्ही बोलत होता, साधं, जपून, आणि काठी सतत तुमच्या आणि त्याच्या मधे. "ह्यो आपल्यावर धावून येत न्हाई. आपुन त्येच्या वाटंत जातो. दिसला की जागंवर उबं ऱ्हायाचं, मग एकेक पाऊल मागं." माझ्या सगळ्या वर्षांत मी असा धडा दिला नव्हता. साहेब भले गृहस्थ होते. मनापासून खूश झाले. तिथेच ते संपायला हवं होतं.

साहेबांनी कॅमेरा काढला. म्हणाले, "हातात धरून उभे राहा, फोटो घेतो. खात्याच्या मासिकात छापू."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. नाही म्हणण्याचं तुम्ही माझ्यावर सोडलं होतं, मला कळलं होतं ते. मी म्हटलं, "चाचा, एकदाच."

तुम्ही काठीने त्याचं डोकं दाबून मानेमागे धरलंत, डाव्या हाताने अंग सावरलंत, उभे राहिलात. ऊन तोंडावर होतं. साहेब कॅमेऱ्यात बघत "जरा वर, जरा वर" म्हणत होते. आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. तुमची मान त्या आवाजाकडे वळली. पापणी लवायच्या आत नागाने डोकं फिरवून घेतलं आणि डाव्या हाताच्या बोटाला डसला, जिथे तुमची चांदीची अंगठी होती तिथे.

तुम्ही त्याला टाकलं नाहीत. दुसरा कुणीही असता तर झटकून फेकला असता, आणि आठ पावलांवर लहान मुली होत्या. तुम्ही त्याचं तोंड सोडवलंत, वाकलात, मडक्यात घातलंत, फडकं बांधलंत. दोन गाठी मारल्यात, त्याच चावलेल्या हाताने. मग रेघेच्या पलीकडे येऊन खाली बसलात आणि मला म्हणालात, "बाई, पोरी आत घ्या. जनावर मडक्यात हाय, भ्याचं कारन न्हाई."

मी धावत खोलीत गेले आणि ती डबी घेऊन आले. झाकण निघेना. "त्ये ठिवा," तुम्ही म्हणालात. "आदी अंगठी काडा, बोट सुजंल. पानी लावून काडा. आता एक पट्टी आना लाकडाची." मी टेबलावरची आखायची पट्टी आणली, तुम्ही सांगाल तशी हाताला बांधली. घट्ट नाही, नुसती हात हलू नये एवढी. शेवटपर्यंत पुस्तकाप्रमाणे काहीच केलं नाही, तुम्ही म्हणाल तसं केलं. भांडायला वेळ नव्हता.

साहेबांची मोटार होती म्हणून तुम्ही वाचलात, आणि तीही कोळशाच्या गॅसवर चालणारी होती म्हणून जवळजवळ वाचला नसता. पेट्रोल कुठून असणार तेव्हा? मागे भट्टी, धूर, आणि चढ आला की गाडी म्हाताऱ्या बैलासारखी दम खायची. तुम्हाला मागच्या बाकावर आडवं घातलं, डोकं माझ्या मांडीवर. वाटेतलं सुपा गाव मागे पडेपर्यंत तुम्ही बोलत होता. मग जीभ जड झाली. पापण्या खाली यायला लागल्या. तेव्हा तुम्ही मला एकेक शब्द ओढत सांगितलंत, "आता डोळं मिटतील. म्या मेलो आसं समजू नका. ऐकू यील मला. छातीकडं बगा, अन् बोलत ऱ्हावा."

मग तुमचे डोळे मिटले आणि मी बोलू लागले.

काय बोलायचं, चाचा? माणसाला वाटतं आपल्यापाशी बोलायला पुष्कळ आहे. मी आईच्या घरच्या पेरूच्या झाडाविषयी सांगितलं. नगरच्या किल्ल्याच्या खंदकाविषयी. मी लहानपणी चर्चमध्ये गाताना पुढचा शब्द विसरले होते, त्याविषयी. सगळं संपलं तेव्हा पाढे म्हणायला लागले. कामरगावच्या चढावर मोटार थांबली. साहेब आणि त्यांचा ड्रायव्हर उतरून भट्टीत कोळसे घालून भाता मारत होते, साहेबांचा पांढरा कोट काळा झाला होता. मी तुमच्या छातीवर तळहात ठेवून अकराचा, बाराचा, तेराचा म्हणत होते. छाती उचलायची, पण दर खेपेला थोडी कमी. तिथे, पाढ्यांच्या मधे, मी तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, "चुकलं माझं. तुम्ही नको म्हणत होता. मी घाबरता का म्हटलं, म्हणून तुम्ही आलात. मला क्षमा करा." आणि पुन्हा पाढा धरला, कारण थांबायची भीती वाटत होती.

नगरच्या दवाखान्यात मुंबईहून आलेली, सापाच्या विषावरची सुई होती. ती किती वेळा दिली मला ठाऊक नाही. मी बाहेर बाकावर बसून होते. डॉक्टर मधेच येऊन म्हणाले, "कापलं नाहीत तुम्ही. काहीजण कापा म्हणतात. मी मात्र कापलेले, पिकलेले फार हात पाहिले आहेत." मी मान हलवली. ती डबी माझ्या पिशवीतच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही डोळे उघडलेत. अमिनाचाची तोवर येऊन पोचली होती. तिला तुम्ही पहिलं विचारलंत, "मडकं?"

"माळावर नेऊन ठिवलं," चाची म्हणाली. "गाठी सैल केल्या, लांब काठीनं फडकं वडलं अन् मागं सरकले. गेला त्यो. तुमी नका काळजी करू, इतकी वर्सं बगतेय."

मग तुमची नजर माझ्याकडे वळली. ओठ हलले. मी वाकले. तुम्ही म्हणालात, "बाई... तेर सक अडुसष्ट न्हाई. अठ्ठ्याहत्तर."

चाची घाबरली, तिला वाटलं तुम्हाला भ्रम झाला. मी रडत आणि हसत भिंतीला टेकले. इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसून कापूस पिंजताना तुम्ही माझ्या मुलींबरोबर पाढे पाठ केले होते! पुढे सहा महिने तुम्ही मला त्यावरून छळलंत. कुणी पाहुणा आला की, "आमच्या बाईंना इचारा, तेर सक किती."

म्हणजे तुम्ही ऐकत होता. तेराचा पाढा ऐकला म्हणजे त्याच्या आगेमागे मी जे बोलले तेही ऐकलं असणार. पण तुम्ही त्याविषयी अवाक्षर काढलं नाहीत. मीही विचारलं नाही. दर आठवड्याला वाटायचं, आज विचारू. मग चहा यायचा, नाहीतर कुणाच्या तरी घरी साप निघायचा.

ते बोट गेलं. काळं पडत गेलं आणि डॉक्टरांनी ते काढलं. गावात परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं आणि तुम्ही सगळ्यांना एकच सांगितलंत, "उन्हानं नजर गेली. हात माझा चुकला. बाईंचा काय संबंद?" मी शेजारी उभी असायची. गप्प. साहेबांनी अहवाल चांगला लिहिला, मुलींचा वर्ग राहिला. तो आजही भरतो, आणि मुली वाढल्या आहेत. हजेरी घेताना मला कितीदा वाटलं आहे की हा वर्ग तुमच्या एका बोटावर उभा आहे. पण हे मी कुणाला बोलले नाही. नोकरीची भीती होती, गावाची होती. खरं सांगायचं तर तुम्ही माझ्यावर पांघरूण घातलं होतं आणि मला त्यात ऊब वाटत होती.

त्याच्या पुढच्या साली पावसाने पाठ फिरवली आणि माळावर बांध घालायची दुष्काळी कामं निघाली. सगळं गाव दगड उचलायला. आपल्या माळावरचा दगड म्हणजे फुरशाचं छप्पर. पहिल्याच आठवड्यात पारूबाईच्या हाताला फुरसं चावलं. बाजेवर घालून तिला नगरला नेली. न कापता, न आवळता, तुमच्या सांगण्यावरून. ती वीस दिवसांनी चालत परत आली. त्या दिवसापासून तुम्ही पिंजण बंद ठेवून रोज सकाळी कामावर जायला लागलात. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. बायका हसायच्या, "चाचा, आता आमाला काय साप धराया शिकवनार?"

"न धराया शिकवनार," तुम्ही म्हणायचात.

शाळा दुपारची करून मीही येत होते. तुम्ही दगडाच्या मागे उभे राहायचात, पलीकडची कड पहारीने उचलून दगड आपल्या अंगाकडे उलटवायचात. "दगुड आपल्या अन् जनावराच्या मधी ऱ्हायला पायजे. पलीकडं ढकलला की जनावर तुमच्या पायाशी. आपल्याकडं वडला की त्येची वाट पलीकडं." हे पुन्हा पुन्हा, प्रत्येक टोळीला. आणि कुणी कंटाळा केला, नुसता हात घातला, की तुम्ही काही न बोलता आपला डावा हात तिच्यासमोर धरायचात. चार बोटांचा. बाई लगेच पहार मागायची.

पारूबाईने एकदा विचारलं, "चाचा, एवडं कळत हुतं तर तुमचं बोट कसं गेलं?" मी तिथेच होते. तुम्ही म्हणालात, "हुशारी केली म्हनून." आणि मला म्हणालात, "बाई, जरा पानी द्या." मी तांब्या भरून आणला तेव्हा तुम्ही मुद्दाम दुसरं काहीतरी बोलत होता.

या थंडीत तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी रोज शाळा सुटल्यावर यायची. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी चाची शेजारी गेली होती, आपण दोघंच होतो. तुमचा श्वास घरघरत होता. मी बाजेजवळ बसले आणि म्हटलं, "चाचा, त्या मोटारीत मी एक गोष्ट बोलले होते." तुम्ही डोळे उघडलेत. हसलात. म्हणालात, "तेराचा पाढा?" मी म्हटलं, "नाही, त्याच्या आधी..." आणि दारात माणसं आली, तुमचे मेव्हणे, पारूबाई, आणखी दोघं. तुम्ही माझ्या हातावर तुमचा हात ठेवलात, तोच डावा, आणि त्यांच्याकडे वळलात. मी उठून त्यांना जागा करून दिली. आता वाटतं, त्यांना बाहेर थांबा म्हणायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी, तुमच्या जियारतीनंतर, सगळे उठून गेल्यावर, मी अमिनाचाचीपाशी बसले. ती तुमची धनुकली पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही तीनदा नाही म्हणालात ते, मी काय म्हणाले ते, साहेबांनी फोटो मागितला तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते. बोट माझ्यामुळे गेलं आणि जीवही गेला असता, आणि इतकी वर्षं मी तोंड शिवून बसले. मला वाटलं, ती मला उठायला सांगेल. सांगितलं असतं तर ते योग्यच होतं.

चाचीने पुसायचं थांबवलं नाही. "मला ठाव हाय ते," ती म्हणाली. "दवाखान्यातच सांगितलं हुतं त्येनी."

"काय सांगितलं?"

"म्हनले, बाई मोटारीत लई रडल्या, माझी चूक माझी चूक म्हनत हुत्या. येड्याच हायत. त्यांनी इचारलं घाबरता का, तवा म्या व्हय म्हनायला पायजे हुतं. घाबरतोच की. घाबरतो म्हनून तर इतकी वर्सं जित्ता हाय. पन बाईमानसासमोर घाबरतो म्हनायची लाज वाटली, अन् तिथंच म्या चुकलो. चूक माझी. तू बाईंना ह्ये सांगू नको, त्यांना वाईट वाटंल."

ती एवढं बोलली आणि मग आम्ही दोघी बराच वेळ रडलो. शेवटी तिने चहा टाकला. तीन कप काढले, एक परत ठेवला.

चाचा, मला तुमचा राग आला आहे. तुम्ही ऐकलं होतंत. सगळं ऐकलं होतंत, आणि दोष सगळा आपल्या अंगावर घेऊन, मला पाढ्यांवरून चिडवत निघून गेलात. मला एक शब्दही बोलू दिला नाहीत. मी माफी मागायला येतेय हे दिसलं की तुम्ही पाणी मागायचात. आता मला वाटेल तेवढं बोलता येतंय, आणि तुम्हाला अडवता येत नाही.

काल मी वर्गात मुलींना त्या दिवशीची खरी गोष्ट सांगितली. नाव घेऊन, माझं. मुली पाट्या खाली ठेवून ऐकत होत्या. आज वाण्यालाही सांगणार आहे, त्याच्या ओट्यावर, सगळे जमलेले असताना. पुस्तकाच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता, दोरीच्या बाबतीत होता, पाढ्याच्या बाबतीतही होता. ते सगळं मी मानलं. पण चूक कुणाची, यावर मी तुमचं ऐकणार नाही. ती माझी होती.

तुमची,
मार्थाबाई